पायाचं हाड काढून जबडा बसवल्यावर फ्लॅप बिघडला तर? घरच्यांनी काय सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन १२ दिवसांवर आलंय, पायाचं हाड काढून जबडा करणार आहेत, आणि सही घेताना डॉक्टर "फ्लॅप फेल होऊ शकतो" म्हणाले तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा नाही. तो बिघडू नये म्हणून काय करायचं आणि बिघडलाच तर दुरुस्त होतो का, हे तुमचे दोन प्रश्न.

मीही बडोद्याचीच, डांडिया बाजारातली. २२ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली शेवटची ११ प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात आणि तीही बहुतेक रात्रपाळीत. मी डॉक्टर नाही, म्हणून औषधांबद्दल काही सांगणार नाही. पण रात्र रात्र जागून हे फ्लॅप तासातासाला बघितलेत, तेवढ्या अधिकारानं लिहिते.

आईला आधी हे सांगा: हो, दुरुस्त होतो, वेळेवर लक्षात आलं तर. पोटरीतलं बारकं हाड, त्याला चिकटलेला कातडीचा तुकडा आणि त्यांची रक्तवाहिनी असं एकत्र काढतात, यालाच फ्लॅप म्हणतात, आणि मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. त्या वाहिन्या जेमतेम २-३ मिलिमीटर जाडीच्या, टाक्यांचा धागा केसाहून बारीक. इतकं नाजूक काम असूनही जिथे ही ऑपरेशनं रोजची आहेत तिथे १०० पैकी ९५ च्या आसपास फ्लॅप जगतात. जे अडचणीत येतात ते बहुतेक पहिल्या ७२ तासांत, आणि रक्त आणणाऱ्या आर्टरीपेक्षा परत नेणारी व्हेन जास्त वेळा तुंबते.

चांगला फ्लॅप आजूबाजूच्या कातडीसारखा दिसतो, हाताला कोमट लागतो. बोटानं दाबून सोडला की पांढरा पडतो आणि २-३ सेकंदांत रंग परत येतो. व्हेन तुंबली की तो जांभळट होतो, फुगतो, दाबून सोडल्याबरोबर रंग झटकन परत येतो, आणि डॉक्टरांनी सुई टोचली तर काळपट रक्त भराभर येतं. आर्टरी बंद पडली तर उलटं: फटफटीत, गार, मऊ पडलेला, टोचलं तरी थेंब येत नाही.

एक रात्र सांगते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. बडोद्याजवळच्या पादरा गावाकडचे एक काका होते, तुमच्या बाबांचं होणार आहे तेच ऑपरेशन झालेलं, दुसरी रात्र. दीडच्या राउंडला फ्लॅप ठीक होता. अडीचला टॉर्च मारला तर कडेला पिकत आलेल्या जांभळासारखी छटा. आधी मला वाटलं उजेडाचा फरक असेल. मान बघितली तर ट्रॅकिओस्टॉमीच्या नळीची, म्हणजे श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची, पट्टी मानेभोवती काचलेली. संध्याकाळी बांधली तेव्हा बरोबर होती, पण रात्रीतून सूज चढली आणि ती रुतली. मी ती सैल केली आणि वाट बघत बसले, की आता रंग सुधारेल. नाही सुधारला. रेसिडेंटना, म्हणजे रात्रीच्या ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरांना, उठवायला हवं होतं. पण आदल्याच आठवड्यात एका फ्लॅपसाठी उगाच उठवलं म्हणून बोलणी खाल्ली होती, त्यामुळे मी आणखी बघू, आणखी बघू करत राहिले. ४० मिनिटं गेली. मग फोन केला. डॉक्टर धावत आले, चार वाजता काकांना परत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, घेतलं. व्हेनमध्ये गुठळी होती. ती काढली, जोड पुन्हा केला. हाड जगलं, कातडीचा अर्धा तुकडा मात्र काळा पडला आणि पुढे कापून काढावा लागला. कदाचित आधी फोन केला असता तरी तेच झालं असतं. पण ती ४० मिनिटं माझ्या हातातली होती, हे मी विसरलेले नाही. त्यानंतर कोण काय बोलेल याचा विचार मी कधी केला नाही. रंग पटला नाही की फोन.

तुम्हीही लाजू नका. सिस्टरना दहा वेळा विचारा. "आधीपेक्षा वेगळा दिसतोय" एवढं म्हटलं तरी पुरतं. आयसीयूत तुम्हाला सोडतीलच असं नाही, पण वॉर्डात आल्यावर डॉक्टरांना विचारून रोज एकाच वेळी, एकाच उजेडात मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. आज आणि काल शेजारी ठेवले की डोळ्यांना फरक लगेच कळतो.

आणि मान. बाबांच्या मानेभोवती काहीही बांधू देऊ नका. गाऊनचा बंद, ऑक्सिजन मास्कचं इलॅस्टिक, काहीच नको. आपल्याकडे नातेवाईक देवळातून गंडा किंवा काळा दोरा घेऊन येतात आणि प्रेमानं गळ्यात बांधतात. त्यांना दुखवायचं नाही, म्हणून मी तो दोरा हातात घेऊन डोक्याला लावायची आणि पेशंटच्या मनगटाला बांधायची. कोणी कधी नाही म्हटलं नाही. जानवं असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच काढून ठेवा. डोकं ज्या बाजूला ठेवायला सांगितलंय तिथेच राहू द्या, फ्लॅपच्या कुशीवर झोपवू नका. खोली गार नको. गारठ्यानं वाहिन्या आकसतात.

आता हे १२ दिवस. बाबा मावा खात होते, असं तुम्ही लिहिलंय. आजपासून बंद म्हणजे पूर्ण बंद. सुपारी, तंबाखू, चुन्याची ती पुडी चघळली काय आणि विडी ओढली काय, निकोटिन रक्तात जातंच आणि बारीक वाहिन्या आवळतं. डॉक्टर सहसा ४ आठवडे आधीपासून बंद करायला सांगतात. तेवढे दिवस हातात नाहीत, पण कॅन्सरचं ऑपरेशन त्यासाठी पुढे ढकलत नाहीत, म्हणून आहेत ते दिवस वाया घालवू नका. ऑपरेशननंतर भेटायला आलेला एखादा मित्र खिशातून पुडी काढतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. खाटेजवळ एकानं कायम बसा. निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम स्वतःच्या मनानं देऊ नका, त्यातही निकोटिनच असतं, सर्जनना विचारा. शुगर असेल तर ती आत्ताच आटोक्यात आणा. रक्त पातळ करायची कुठलीही गोळी, काढा, चूर्ण चालू असेल तर लाज न बाळगता सांगा. तोंड उघडत नसल्यानं त्यांचं खाणं कमी झालं असेल. वजन उतरलंय का ते बघा. दूध, पातळ डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, गिळता येईल तसं दिवसातून सहा-सात वेळा द्या. जखम प्रोटीनवर भरते.

पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली का, तेही विचारा. काही जणांच्या पावलाला रक्त मुख्यतः याच हाडाजवळच्या वाहिनीतून जातं. ती काढली तर पाय धोक्यात येतो, तेव्हा मग दुसऱ्या पायाचा किंवा दुसऱ्या जागेचा फ्लॅप निवडतात. हाड पूर्ण काढत नाहीत, घोट्याजवळ आणि गुडघ्याजवळ सुमारे ६ सेंटीमीटर ठेवतात, म्हणून घोटा डळमळत नाही. माणूस पुढे नीट चालतो, आईला हेही सांगा.

पहिले तीन दिवस गेले की सगळे सैलावतात, आणि नेमकी पाचव्या ते दहाव्या दिवसात लाळेची गळती सुरू होऊ शकते. तोंडातले टाके कुठे सुटले की लाळ मानेत उतरते. मान लाल होते, ताप येतो, ड्रेनमधून (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) किंवा टाक्यांतून घाण वासाचं पाणी येतं. दोन घोट पाणी पाजल्यानं काय होतंय, असं म्हणून सांगायच्या आधी तोंडानं पाजणं, हे मी याचं कारण झालेलं पाहिलंय. नाकातली नळी कंटाळवाणी वाटते, पण डॉक्टर म्हणेपर्यंत सगळं तिच्यातूनच. गळती झालीच तर मानेतून वाट मोकळी करून देतात, रोज ड्रेसिंग करतात, नळीतून भरपूर प्रोटीन देतात. लहान छिद्र काही आठवड्यांत आपोआप बुजतं, मोठ्याला पुन्हा कातडी किंवा स्नायू आणून झाकावं लागतं. हे लवकर आवरायचं कारण असं की शेक (रेडिएशन) द्यायचा असेल तर तो ऑपरेशननंतर ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असं बघतात. जखम रेंगाळली की शेकही रेंगाळतो. खराब दात असतील तर शेकाच्या आधीच काढून घेतात, नंतर काढले तर हाड कुजायची भीती असते. दाताच्या डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा.

व्हेनचं पुन्हा जोडूनही जमलं नाही तर काही ठिकाणी जळवा लावतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण ते खरं औषध आहे. अमेरिकेत २००४ मध्ये सरकारी खात्यानं जळवांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. साठलेलं रक्त जळू ओढते, तिच्या लाळेनं जागा पुढे काही तास पाझरत राहते, आणि तोवर नव्या बारीक शिरा फुटायला आठवडाभराचा वेळ मिळतो. तोंडात लावायची असेल तर घशाकडे गॉज भरून जळूला दोरा बांधतात. तिच्या पोटातल्या जंतूंसाठी अँटिबायोटिक लागतं, कधी रक्तही चढवावं लागतं.

आणि फ्लॅप पूर्ण गेलाच तर? तो काढून छातीचा स्नायू कातडीसकट फिरवून आणतात. त्याची रक्तवाहिनी तोडत नाहीत, मूळ छातीलाच राहतं, म्हणून तो भरवशाचा. ही युक्ती आपल्या मातीतली आहे. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला मराठा गाडीवान, टिपूशी झालेल्या युद्धात त्याचं नाक कापलं गेलं आणि पुण्याजवळच्या एका वीट करणाऱ्या माणसानं कपाळाची कातडी फिरवून त्याला नवं नाक दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ती हकिकत चित्रासकट छापून आली. कपाळाशी ठेवलेला कातडीचा जोड पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला कापतात, असं त्यात लिहिलंय. मूळ जपायचं, घाई करायची नाही, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

शेवटचं, आणि हे आजच करा. गळ्यातल्या नळीमुळे बाबांना काही दिवस आवाज नसेल. घरी आत्ताच खुणा ठरवा: दुखतंय, कफ काढा, उशी बदला. एक पाटी आणि जाड पेन्सिल बॅगेत टाका. मोबाइलवर टाइप करायचं त्यांना तेव्हा सुचत नाही. पादऱ्याच्या काकांना ओटीतून परत आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर गुजरातीत एकच शब्द लिहिला, "अंगूठो". मुलाला वाटलं, अंगठ्याला डास चावतोय. मी चादर उचलून म्हटलं, काका, अंगठा वर करा. होईना. पावलावर बोट फिरवलं तर हातानंच खूण केली, कळत नाही. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला पट्टी आवळली गेली होती, तिथूनच पाऊल उचलणारी नस जाते. डॉक्टरांना बोलावलं, पट्टी कापून सैल बांधली. संध्याकाळी मी ड्यूटीवर आले तेव्हा मुलगा चादर वर करून बसला होता आणि काका अंगठा हलवून दाखवत होते.