रोबो स्क्रबर पावसाळ्यात नीट चालत नाहीये? लायडार-बॅटरी बदलायच्या आधी हे बघून घ्या

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. रत्नागिरीतलं हॉस्पिटल, फरशी धुणारा दीड वर्षाचा रोबो, जूनपासून मागे पाण्याच्या रेघा सोडतोय, सकाळी लॉबीत आला की लोकेशन हरवल्याचा एरर देऊन थांबतोय, चार्जिंग पूर्वीच्या निम्मंच टिकतंय, आणि सर्व्हिसवाले म्हणतायत लायडार (लेझरने आजूबाजूचं बघणारा सेन्सर) आणि बॅटरी दोन्ही बदला. मॅनेजमेंट म्हणतंय एवढा खर्च असेल तर बंदच करून ठेवा.

त्या कोटेशनवर अजून सही करू नका. तिन्ही तक्रारी जूनमध्येच सुरू झाल्यात ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. मी रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ भागात ही मशीनं सांभाळतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात असं झालं की बहुतेक वेळा मूळ निघतं ते पाणी, खारी हवा नाहीतर जांभ्याची तांबडी माती. पार्ट खराब असूही शकतो, पण ते शेवटी बघायचं.

आधी रेघांचं, कारण हॉस्पिटलात ओला फ्लोअर म्हणजे सरळ कुणीतरी म्हातारं माणूस घसरून पडणार, आणि त्या वयात खुबा मोडला की माणूस बरेचदा अंथरुणालाच खिळतो. त्यामुळे रेघा थांबेपर्यंत ओपीडीच्या वेळेत मशीन चालवूच नका. मागची स्क्वीजी (पाणी ओढून घेणारी रबरी ब्लेडची पट्टी) काढून उलटी करून बघा. ब्लेडच्या फटीत काथ्याचे तंतू, केस, इंजेक्शनच्या पाकिटाचे कपटे अडकलेले असतात, आणि एवढासा तंतू अडकला तरी त्या जागी रबर फरशीला टेकत नाही आणि बरोब्बर तिथूनच रेघ येते. दारातली काथ्याची पायपुसणी हे याचं मोठं कारण आहे, ती रोबोच्या वाटेतून काढा किंवा रोबोच्या मॅपमध्ये, म्हणजे त्याच्यात साठवलेल्या जागेच्या नकाशात, तेवढा भाग बंद करून टाका. मग ब्लेडच्या कडेवरून बोट फिरवा. कड धारदार लागली पाहिजे, गोल झाली असेल तर ब्लेड फिरवून लावा, बऱ्याच मशीनमध्ये एका ब्लेडच्या चारही कडा वापरता येतात आणि तरी लोक पहिली कड झिजली की नवीन मागवतात.

ब्लेड चांगलं असून पाणी राहतंय तर सक्शन कमी आहे. पाइप स्क्वीजीपासून सोडवून हात लावून ओढ बघा. ओढ नसेल तर टाकीच्या झाकणाचं रबर बघा, त्याला माती लागली की हवा तिथूनच आत जाते. पाइपात गाळ बसलाय का तेही बघा. आणि घाण पाण्याच्या टाकीतला फ्लोट. टाकी भरली की व्हॅक्यूम बंद करायचं हे त्याचं काम, पण तो फेसानेही वर उचलला जातो, मग टाकी अर्धी रिकामी असूनही सक्शन जातं. आता मला खरं सांगा, टाकीत फिनाईल घालताय का? आपल्याकडे वास आल्याशिवाय फरशी स्वच्छ झाल्यासारखी वाटतच नाही हे मला माहीत आहे, पण त्याने फेस होतो, फरशीवर चिकट थर राहतो, आणि तो फेस व्हॅक्यूम मोटरपर्यंत गेला तर मोटर जाते. कमी फेसाचं न्यूट्रल लिक्विडच वापरा, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, जास्त नको.

हायपोक्लोराइट टाकीत अजिबात नको, मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असेल तरच. ते धातू आणि रबर दोन्ही खातं, आणि ॲसिडवाल्या क्लीनरशी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. रक्त सांडलं असेल तिथे तर रोबो जायलाच नको, तो ते पुसत नाही, पुढे वीस फूट पसरवतो. ते हातानेच, तुमच्या ठरलेल्या पद्धतीने.

आता सकाळच्या एररबद्दल. रोबो रात्री कुठे उभा असतो हे तुम्ही लिहिलं नाही, पण एसी खोलीत असेल तर उत्तर बहुतेक तिथेच आहे. पावसाळ्यात बाहेर ३० डिग्री आणि ९० टक्के दमट असलं तर २८ डिग्रीपेक्षा थंड असलेली कुठलीही वस्तू लगेच घाम धरते. २३ डिग्रीच्या खोलीतून मशीन उघड्या लॉबीत आलं की लायडारच्या आणि कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ बसणारच, त्याला पुढचं दिसत नाही आणि मॅपशी काहीच जुळत नाही. थोड्या वेळाने काच सुकते, मशीन आपोआप नीट चालायला लागतं, आणि सर्व्हिसवाल्याला कधीच दोष सापडत नाही. उपाय फुकट आहे, डॉक (रोबो चार्जिंगला उभा राहतो ती जागा) एसीच्या बाहेर कोरड्या जागी हलवा, किंवा सुरू करण्याआधी अर्धा तास बाहेर नुसतं उभं करून काच पुसा. पुसताना आधी ओलसर मायक्रोफायबर, मग कोरडं. जांभ्याची माती कोरड्या फडक्याने घासली की काचेवर बारीक ओरखडे पडतात आणि मग मात्र खरंच पार्ट बदलायची वेळ येते.

तरीही थांबत असेल तर लॉबीत जूननंतर काय बदललंय ते बघा. छत्र्यांचा स्टँड, चपलांचं रॅक, जादा बाकडी. मॅप मे महिन्यातला असेल तर रोबोला ती लॉबीच ओळखता येत नाही. तात्पुरता पावसाळी मॅप करून घ्या, आणि लॉबीत गणपती बसवत असाल तर मखराभोवतीचा भाग आधीच बंद करून ठेवा. काचेचं दार असेल तर लायडारच्या उंचीवर फ्रॉस्टेड पट्टी लावा, त्याचा किरण साध्या काचेतून आरपार जातो.

बॅटरीचं. मिठाचा थर हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओला होतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याहून वरच असते, म्हणजे डॉकच्या पट्ट्या आणि कनेक्टर महिनोन्‌महिने खाऱ्या ओलीत असतात. त्यावर काळसर-हिरवट थर आला की चार्जिंग अर्धवट होतं आणि आपल्याला वाटतं बॅटरी मेली. पॉवर बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरने पट्ट्या साफ करा, ग्रीस त्यांना लावायचं नाही. रात्री लाइट किती वेळ जाते तेही वॉचमनला लिहून ठेवायला सांगा, कारण चार्जर मध्येच बंद पडून पुन्हा सुरूच झाला नाही असंही होतं. मग पूर्ण चार्ज करून, तासभर थांबून, इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्या. २४ व्होल्टवाल्या आठ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला साधारण २६.५ च्या आसपास दिसलं पाहिजे, लेड ॲसिड असेल तर २५.४ च्या आसपास. बरंच कमी असेल तर आधी चार्जर आणि डॉक तपासायचा. आकडा बरोबर असूनही लवकर उतरत असेल तर ब्रशचं प्रेशर बघा, चिखल जातो म्हणून कुणीतरी ते फुल करून ठेवलेलं असतं आणि मोटर दुप्पट खाते. हे सगळं नीट असूनही टिकत नसेल तर मात्र बॅटरीची लोड टेस्ट (भार टाकून ती किती टिकते ते बघायची चाचणी) मागा, आणि रिपोर्ट कागदावर घ्या.

हे सगळं करणार कोण हा खरा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी रोबो सगळ्यांचा असतो म्हणजे कुणाचाच नसतो. तुमच्याकडच्या एका मावशीला किंवा दादाला नाव घेऊन जबाबदारी द्या आणि शिफ्टमधले वीस मिनिटं त्यासाठी मोकळी द्या, जादा काम म्हणून माथी मारू नका. टाकी रिकामी करून धुवायची, झाकण रात्रभर उघडं ठेवायचं, स्क्वीजी पुसून वर उचलून ठेवायची, ब्रशमधले केस कापायचे, काचा पुसायच्या, आणि आठवड्यातून एकदा इमर्जन्सी स्टॉप दाबून आणि बंपर ढकलून मशीन थांबतंय का बघायचं. अंगावर पाइपने पाणी मारायचं नाही. मी बघितलेल्या मशीनपैकी जी टिकली ती या वीस मिनिटांवर टिकली, एएमसीवर (वर्षाच्या देखभाल करारावर) नाही. त्या माणसाला ट्रेनिंगला तुमच्यासोबत बसवा, एरर आला की त्याचं म्हणणं आधी ऐका, कारण मशीनचा बदललेला आवाज त्यालाच पहिला कळतो.

पुढच्या वर्षी घरात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो तशी मशीनचीही मे महिन्यातच भरून ठेवा. ब्लेडचा एक सेट, पॅड, फिल्टर, झाकणाचं रबर, फ्यूज. जुलैमध्ये घाट बंद झाला की पुण्याहून पन्नास रुपयांचं रबर यायला आठवडा लागतो. आणि डॉक तळमजल्यावर पाणी भरणाऱ्या जागी नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मशीन कधी पुरात बुडलंच तर सुरू करून बघायचं नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायचं नाही, बुडालेली लिथियम बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते. माणसांपासून लांब उघड्यावर ठेवायचं आणि कंपनीला कळवायचं.

आता तीन गोष्टी कळवा. रोबो रात्री एसीत असतो का, टाकीत कुठलं लिक्विड घालता, आणि स्क्वीजी उलटी केलेला एक फोटो. सर्व्हिसवाल्यांकडून एरर लॉगची कॉपीही मागून घ्या, त्यात वेळ असते. सगळे एरर सकाळच्या पहिल्या तासातलेच निघाले तर लायडारचे पैसे वाचले समजा.