विरोधकांना ‘दारूगोळा’ मिळतो की ‘कोलीत’?

प्रश्न असा आहे: ‘मंत्र्यांच्या विधानामुळे विरोधकांना आयता दारूगोळा मिळाला’ हे वाक्य मराठी वळणाचे आहे की इंग्रजीची सावली? आणि ‘दारुगोळा’ लिहायचे की ‘दारूगोळा’?

लेखनाचे आधी उरकून घेऊ. दारू हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’त तो अर्थ अजून टिकून आहे. मराठीत तो पिण्याच्या दारूला लागला, बंदुकीच्या दारूला लागला आणि दिवाळीतल्या शोभेच्या दारूलाही. तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) नसल्यामुळे शेवटचा ‘रू’ दीर्घ, आणि समासातही तो दीर्घच राहतो: दारूगोळा, दारूकाम, दारूबंदी. ऱ्हस्व ‘दारु’ हा वेगळा, संस्कृत शब्द, अर्थ लाकूड. दारुहळदीत तो ऱ्हस्वच हवा.

आता समास. दारूगोळा म्हणजे दारू, गोळा वगैरे सगळे; भाजीपाला, चहापाणी यांच्यासारखा समाहार द्वंद्व. म्हणून तो एकवचनीच चालतो. ‘तीन दारूगोळे सापडले’ हे ‘तीन भाजीपाले आणले’ म्हणण्यासारखे आहे. मोजायचेच असतील तर तोफगोळे मोजा, काडतुसे मोजा. बंदुकीपुरते बोलायचे तर ‘दारूगोळी’ असेही जुने रूप आहे: गोळा तोफेचा, गोळी बंदुकीची.

शब्दशः वापरातही चुका होतात, त्या बहुतेक अनुवादात. ‘आर्म्स अँड ॲम्युनिशन’ची बातमी ‘शस्त्रास्त्रे जप्त’ अशी उतरते आणि निम्मा माल गायब होतो. शस्त्रास्त्रे ही साधने. दारूगोळा हा त्यांना लागणारा, वापरला की संपणारा माल. ‘शस्त्रे व दारूगोळा’ म्हटले की काम भागते. पोलिसांच्या बातमीतले ‘गावठी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे’ मात्र अगदी चोख आहे. काडतूस (पोर्तुगीजांकडून आलेला शब्द) म्हणजे चार गोष्टींची जुळणी: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी (ठोका बसला की पेट घेणारी), आत दारू, तोंडाशी गोळी. उडाले नसेल तोवर ते जिवंत. उडाले की गोळी जाते आणि जागेवर रिकामी पुंगळी उरते. पंचनाम्यात ‘गोळ्या सापडल्या’ लिहिले, तर काडतुसे सापडली की भिंतीतून काढलेले शिशाचे तुकडे, हे कळत नाही. उलट कायद्याच्या मजकुरात ‘ॲम्युनिशन’साठी नुसते ‘काडतुसे’ लिहिणे तोकडे पडते. शस्त्र अधिनियम, 1959 मधल्या व्याख्येत बाँब, हातबाँब, रॉकेट, फ्यूज, एवढेच काय, दारूगोळा तयार करण्याची यंत्रेसुद्धा येतात. एवढे सगळे पोटात घेणारा मराठी शब्द दारूगोळाच. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला 31 मे 2016 रोजी आग लागली ती लष्कराच्या दारूगोळा भांडाराला. ‘शस्त्रभांडार’ म्हटल्याने नेमके काय पेटले ते झाकले जाते. बंदुका अशा पेटत नाहीत.

आता लाक्षणिक अर्थ. मराठी राजकारणाची भाषा तोफखान्यातच वाढली आहे म्हटले तरी चालेल. आरोपांच्या फैरी झडतात (ही ‘फैर’ म्हणजे इंग्रजी ‘फायर’च), प्रश्नांची सरबत्ती होते, टीकेचा भडिमार होतो, बालेकिल्ल्याला सुरुंग लागतो, सभेत मुलुखमैदान तोफ धडाडते. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जाहीर प्रचाराला 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंदी आहे. ती सुरू झाली की ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’ हा मथळा ठरलेलाच. कंटाळा यावा इतका ठरलेला. पण नीट पाहिले तर हे सारे शब्द उडवण्याचे आहेत, आवाजाचे आहेत. माल पुरवण्याचा शब्द, म्हणजे दारूगोळा, या यादीत उशिरा आला, आणि ‘दारूगोळा मिळाला’ या रूपात तो बहुधा इंग्रजी वाक्याचा हात धरूनच आला.

कारण त्या प्रसंगासाठी मराठीत आधीपासून कोलीत आहे. कोणी भलते बोलून बसला की ‘विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले’. कोलीत म्हणजे एका टोकाला पेटलेले लाकूड. ते साठवता येत नाही, लगेच वापरावे लागते, आणि एकाच माणसाच्या एकाच चुकीतून हाती येते. मंत्र्यांच्या विधानाला हे तंतोतंत बसते. फक्त एक मेख आहे: या कोलिताच्या मागे म्हणीतले माकड उभे असते. ज्याच्या हाती कोलीत दिले तो ते कुठेही लावत सुटेल, असा वास शब्दाला येतो. बातमीत विरोधकांना माकड ठरवायचे नसेल तर ‘आयता मुद्दा मिळाला’ किंवा ‘हाती हत्यार लागले’ लिहावे.

मग दारूगोळा लाक्षणिक अर्थाने कधी शोभतो? साठा असेल तेव्हा. ‘अधिवेशनासाठी विरोधकांनी लेखापरीक्षण अहवालांतून भरपूर दारूगोळा जमवला’ हे वाक्य मला पटते: माल पुष्कळ आहे, जमवलेला आहे, पुरवून वापरायचा आहे, आणि उडवायला सभागृहाची तोफ आहे. ‘तिसऱ्या दिवशीच दारूगोळा संपला’ हेही झकास. भात्यातला बाण वेगळा. तो एकेक, नेम धरून सोडायचा. राजीनामास्त्र त्याहून वेगळे. ते एकदाच सोडता येते (निदान तशी अपेक्षा असते).

साठ्याची उपमा वापरायची तर तिचा स्वभावही माहीत हवा. जुन्या दारूत सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक साधारण 75, 15 आणि 10 या प्रमाणात. सोरा कच्चा असेल तर त्यातले इतर क्षार हवेतली ओल ओढतात आणि दारू सर्दावते. शिवशाहीच्या राज्यकारभारावरचे जे ‘आज्ञापत्र’ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे, त्यात किल्ल्यावरच्या दारूखान्याची व्यवस्था बारकाईने दिली आहे: घरांपासून दूर, तळघर चुनेगच्ची करून पक्के केलेले, आत माच (उंच मांडणी) घालून त्यावर दारूचे बस्ते आणि मडकी, सर्दी पोचू द्यायची नाही, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने माल बाहेर काढून उन्हे द्यायची आणि पुन्हा मोहोर (शिक्का) करून ठेवायचा.

हे केले नाही तर काय होते तेही भाषेने टिपले आहे. तोफेच्या नळीत दारू आणि गोळा ठासायचा, कानात (नळीच्या मागच्या बारीक छिद्रात) रंजक म्हणजे बारीक दारू घालायची आणि तिला बत्ती द्यायची. रंजक भडकते, धूर निघतो. पण आतली दारू सर्दावलेली असेल तर गोळा जागचा हलत नाही. हा फुसका बार. पत्रकार परिषदेत ‘उद्या कागदपत्रे देतो’ म्हणून उद्या उजाडतच नाही, त्या आरोपाला हाच शब्द लावा. तिथे ‘दारूगोळा कमी पडला’ म्हणणे चूक आहे. दारूगोळा होता, तो सर्दावलेला होता.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘मंत्र्यांनी त्या विधानाने विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले.’ पुढच्या आठवड्यात आणखी चार विधाने आली, तर मग खुशाल दारूगोळा म्हणा.