6 व्होल्टच्या सोलर पॅनलवर चार एए निकेल-मेटल हायड्राइड सेल थेट चार्ज होतील का?

होतील, पण अर्धवट. भरत आलेला सेल साधारण 1.45 व्होल्ट मागतो, म्हणजे सिरीजमधल्या चारांचे 5.8, वर डायोडचे (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) 0.3, आणि उन्हात तापलेल्या पॅनलचं व्होल्टेज उतरतं ते वेगळंच. 9 व्होल्टचं पॅनल घ्या.

करंट क्षमतेच्या दहाव्या भागापुढे नको: 2000 एमएएचच्या सेलला 200 मिलिअँपिअर. एवढ्यावर थोडं ओव्हरचार्जिंग सेल सोसतो. पूर्ण भरायला 14-16 तास कडक ऊन, म्हणजे तीनेक दिवस लागतील.

1एन5819 शॉटकी डायोड हवाच, त्याची पट्टी सेलच्या प्लसकडे. नाहीतर रात्री सेल पॅनलमधूनच उतरतात. व्होल्टेजची घसरण बघून थांबणारा स्मार्ट चार्जर मात्र नको, ढग आला की तो फसतो. आणि सेल पॅनलच्या पाठीला चिकटवू नका, सावलीत ठेवा.