'क्वांटम' म्हणजे 'केवढे'

प्रश्न असा आहे: भौतिकीतल्या 'क्वांटम'ला मराठीत 'पुंज' का म्हणतात, 'क्लासिकल'ला 'अभिजात' का, आणि गुरुत्वाकर्षण या दोहोंपैकी कशात मोडते?

आधी रोज कानावर आदळणाऱ्या 'क्वांटम जंप'बद्दल. उलाढाल वाढली, घेतली क्वांटम जंप. जागा वाढल्या, घेतली क्वांटम जंप! हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवरून पहिलीवर उतरतो तेव्हा १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. शंभर ग्रॅमची लिंबे मीटरभर उचलायला साधारण एक जूल ऊर्जा लागते, म्हणजे तिच्या सुमारे साठ कोटी अब्जपट. उडी मोठी नसतेच. तिला अधल्यामधल्या पायरीवर थांबता येत नाही, एवढेच.

'पुंज' म्हणजे रास, झुबका. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकने १९०० साली ऊर्जेची देवघेव ठरावीक मापाच्या गठ्ठ्यांनी होते असे मानले, त्यावरून परिभाषाकारांनी हा शब्द घेतला. मला तो मुळीच पटत नाही. तारकापुंजात तारे शेकड्यांनी असतात. इथे मात्र ज्याचा अर्धा मिळत नाही त्या एकाच नगाला 'पुंज' म्हणायचे!

लॅटिनकडे बघा. 'क्वांटुस' म्हणजे केवढा, आणि त्याचे नपुंसकलिंगी रूप 'क्वांटुम', म्हणजे थेट आपले 'केवढे'. त्यातला 'क्व' आणि आपल्या कोण, केव्हा, किती यांतला 'क' एकाच प्राचीन प्रश्नार्थक मुळाचे. 'किती'चा सख्खा भाऊ खरे तर लॅटिन 'क्वोत' (संस्कृत 'कति'), असे कोणी पंडित म्हणेल. म्हणू दे, घराणे एकच आहे. गंमत अशी की 'क्वांटम जंप'वाल्यांना 'केवढी ही उडी!' असेच म्हणायचे असते. व्युत्पत्तीने पास, भौतिकीत नापास.

'अभिजात' मात्र चपखल. रोमन 'क्लासिकुस' म्हणजे वरच्या वर्गातला नागरिक, आपला अभिजात म्हणजे कुलीन. फक्त त्याचा अर्थ 'जुनी भौतिकी' असा सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत १९१५चा, प्लांकहून पंधरा वर्षांनी धाकटा. तरी तो अभिजातच, कारण त्यात पुंज नाहीत.

हां, गुरुत्वाकर्षण राहिलेच. न्यूटनचे घ्या की आइन्स्टाइनचे, दोन्ही अभिजातात. त्याच्या पुंजाला 'ग्रॅव्हिटॉन' असे नाव देऊन ठेवले आहे. पुंज अजून सापडायचा आहे.