आडनावाची किंमत

प्रश्न : ‘माय नेम इज खान’ या चित्रपटात अमेरिकेतील दक्षिण आशियाई लोकांविषयीचा द्वेष अतिरंजित दाखवला आहे, असे वाटते. त्याला वास्तवाचा आधार आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधार निश्चितच आहे. करण जोहर दिग्दर्शित हा चित्रपट फेब्रुवारी २०१० मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील उत्तरार्धाचा, विशेषतः वादळग्रस्त गावाचा भाग मलाही भडक वाटतो. परंतु ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतरचा संशय मात्र कल्पित नाही. त्या हल्ल्यांनंतर अवघ्या चार दिवसांनी अ‍ॅरिझोनातील मेसा येथे एका शीख पेट्रोलपंपमालकाची, केवळ पगडी व दाढी पाहून, गोळ्या घालून हत्या झाली. हल्ल्यांच्या तपासाच्या ओघात ताब्यात घेतलेल्या ७६२ स्थलांतरितांना मिळालेल्या वागणुकीवर अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी २००३ च्या अहवालात ताशेरे ओढले.

चित्रपटाची खरी ताकद लहान प्रसंगांत आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्या, नायकाची भावजय असलेल्या हसीनाचा हिजाब भर व्हरांड्यात ओढला जातो, तेव्हा कोणी भाषण करत नाही. आणि मुलगा गमावलेली नायकाची पत्नी मंदिरा त्या मृत्यूचा दोष नवऱ्याच्या ‘खान’ या आडनावाला देते, तेव्हा बाहेरचा द्वेष थेट घरात शिरलेला दिसतो. योगायोग असा की, ऑगस्ट २००९ मध्ये चित्रपटाचे नायक खुद्द शाहरुख खान यांनाच अमेरिकेतील नेवार्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवून ठेवण्यात आले होते.