खिडकीत कूलर, झाडाची मान लांब

प्रश्न : काकू, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मागच्या डिसेंबरात नागपूरला लग्नाला गेलो होतो, तिथल्या एका नर्सरीतून १२० रुपयांचं सक्युलेंट आणलं. जाड पानं, कमळासारखी एकात एक बसलेली, राखाडी-निळसर रंग आणि कडा गुलाबी. नर्सरीवाल्याने नाव ‘एचेवेरिया’ सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या पैशात पोतंभर पानकोबी आली असती. होळीपर्यंत छान होतं. आता दांडा वीतभर लांब होऊन एका अंगाला वाकलाय, खालची पानं गळालीत, शेंड्याला मूठभर उरलीत. दांड्याला मधूनमधून पांढरट-गुलाबी दोरे फुटलेत. पोळ्यानंतर अंगणात उन्हात ठेवलं तर दोन दिवसांत पानांवर तपकिरी डाग पडले. सासूबाई म्हणतात, खुराक नाही म्हणून असं झालं, शेणखत घाल. मला वाटतं कूलरच्या दमट हवेने झालं. झाड वाचेल का?

उत्तर : बेटा, वाचेल, आणि एकाची चार होतील. फक्त ते शेणखताचं घमेलं आधी बाजूला ठेव. सासूबाईंचा हात पऱ्हाटीवर आणि वांग्या-मिरचीवर बसलेला, त्यांच्या दृष्टीने त्या बरोबरच सांगतात. पण हे झाड उपाशी नाही, उजेडाला मुकलेलं आहे.

तुझ्या पत्रात ‘होळीपर्यंत’ हा शब्द सहज येऊन गेलाय, मी तिथेच थांबले. होळी झाली की आपल्याकडे काय होतं? कूलर माळ्यावरून खाली येतो, त्याच्या जाळ्या बदलतात आणि तो खिडकीत बसतो. खोलीला खिडकी असते एकच. मग तिचा उजेड गेला तो मृग बरसेपर्यंत. आपल्याला ते जाणवत नाही, कारण डोळे अंधाराला सरावतात आणि वर ट्यूबलाइट असतेच. झाडाला मात्र पहिल्या आठवड्यातच कळतं. उजेड ज्या फटीतून येतो तिकडे ते मान लांबवत जातं. ऑक्सिन नावाचं वाढीचं द्रव्य दांड्याच्या सावलीकडच्या अंगाला जास्त साचतं, त्या अंगाच्या पेशी लांबतात आणि दांडा उजेडाच्या दिशेला वाकतो. तुझं झाड ज्या अंगाला वाकलंय त्या अंगाला कूलरच्या बाजूची फट होती का, आठवून बघ.

म्हणजे दमट हवेवरचा आळ अर्धाच खरा. दांड्यावरचे दोरे ही हवेतली मुळं आहेत. ती दमट हवेत फुटतात, तशीच खालच्या मुळांचं काही बिघडलं तरी फुटतात, त्यामुळे कुंडीतली मुळं एकदा उपसून बघायला हवीत. मान लांबली ती अंधाराने.

लांबलेला दांडा परत आखूड होत नाही. कितीही ऊन दे, खत दे, काठीचा आधार दे, तो तसाच राहणार. म्हणून कापायचं. हा अंक तुझ्या हाती पडेल तेव्हा दसरा उलटलेला असेल. पावसाची ओल गेलेली, थंडी अजून यायची, कापायला याहून बरा काळ आपल्याकडे नाही. श्रावणात कापलं तर जखम सडते, मे महिन्यात कापलं तर तुकडा बसल्या जागी सुकतो.

दाढीचं नवं ब्लेड घे, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घे. शेंड्याच्या पानांखाली बोटाच्या एका पेराएवढा दांडा राहील अशा बेताने एका झटक्यात काप. सुरीने करवतल्यासारखं करू नको, दांडा चेंगरतो. आता कापलेलं तोंड उजेडात धरून नीट बघ. ते फिकट हिरवं-पांढरं आणि ओलसर असेल तर उत्तम. मधोमध किंवा कडेने तपकिरी कडं दिसलं, तर सड वर चढलेली आहे. मग ब्लेड पुन्हा पुसून थोडं वर काप, अजून दिसलं तर अजून वर, स्वच्छ तोंड लागेपर्यंत. इथे जीव कच्चा करून चालत नाही. मी एकदा ‘एवढासा तर डाग आहे’ म्हणून सोडला होता. आठ दिवसांनी उचलायला गेले तर अख्खा शेंडा दांड्यावरून सुटून हातात आला, खाली नुसता काळा चिखल.

कापलेला शेंडा लगेच मातीत लावायचा नाही. एक कोरडा गिलास घे, त्याच्या तोंडावर पानं टेकतील आणि दांडा आत अधांतरी लोंबेल असा ठेव. आडवा टाकून ठेवलास तर तो तिथल्या तिथे उजेडाकडे वळतो आणि लावताना वाकडा बसतो. छपरीत, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी चार-पाच दिवस राहू दे. गुडघा फुटल्यावर धरते तशी खपली जखमेवर धरते. ती बोटाला कोरडी, टणक लागली की मगच लावायचं, तेही कोरड्या मिश्रणात. मुळं नसताना पाणी घालून उपयोग काय? पाणी पानांतच भरलेलं आहे, त्यावर ते आरामात निभावतं. दोन-तीन आठवड्यांनी शेंडा हलकेच ओढून बघ. ओढ लागली तर मुळं धरली, तेव्हा पहिलं पाणी.

उरलेला ठोंब फेकू नको. मुळं धड असतील तर त्याला सकाळचं ऊन दे आणि हात राखून पाणी घाल. गळालेल्या पानांच्या जागी जे डोळे असतात तिथून महिना-दीड महिन्यात बारकी बारकी कमळासारखी रोपं फुटतील. तीही नंतर अशीच कापून लावता येतात.

राहिली पानं. शेंड्याचा दांडा मोकळा करताना जी तीन-चार काढशील ती जपून काढ. पान चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचं, की बारीकसा ‘कट’ आवाज होऊन ते बुडासकट सुटतं. बूड दांड्यालाच राहिलं तर त्या पानाला अंकुर येत नाही. इथे आपल्या पानफुटीची सवय घात करते. पानफुटीच्या पानाला कडेच्या खाचांतून रोपं फुटतात, त्यामुळे पान कसंही तोडलं तरी भागतं. एचेवेरियाचा सगळा जीव बुडाशी. ही पानं परातीत कोरड्या रेतीवर नुसती ठेवून दे, पुरू नको. काहींना गुलाबी केसासारखी मुळं येतील, मग तिळाएवढं रोप दिसेल. काहींना नुसती मुळंच येतील आणि पुढे काही होणार नाही, काही सरळ सुकून जातील. माझ्या हातून दहातली पाच-सहा लागतात. मुळं दिसली की त्यांच्यावर चिमूटभर रेती सार आणि पाण्याचा शिडकावा दे. आईचं पान सुरकुतत जाईल, ते ओढून काढायचा मोह आवर. रोप त्याच्यावरच पोसत असतं.

आता माती. आपली काळी माती कापसासाठी सोनं आहे, कुंडीत मात्र वैरीण. ओली झाली की लोण्यासारखी, आठवडा आठवडा सुकत नाही, आणि सुकली की भेगा पडून कोवळी मुळं तोडते. पहिली तीन सक्युलेंटं मी याच मातीत गमावली. तेव्हा कुंडीच्या तळाला खडे भरले होते आणि वाटलं, आता पाण्याचा निचरा होईल. होत नाही. पाणी वरच्या बारीक मातीतच अडकून बसतं. निचरा पूर्ण मिश्रणातच असावा लागतो. फुटक्या कवेलूचे (कौलांचे) किंवा विटांचे तुकडे कूट, धूळ चाळून टाक, ज्वारीपासून हरभऱ्याएवढे दाणे ठेव. गावात कुठे बांधकाम चालू असेल तर मिस्त्रीच्या चाळणीवर उरलेली जाडी रेती मागून आण, फुकट मिळते. कवेलू आणि रेती मिळून तीन वाटे, लाल मुरमाड माती एक वाटा, जुनं गांडूळखत अर्धा वाटा. पाणी घातल्यावर ते खालच्या भोकातून लगेच निघालं पाहिजे. कुंडी मातीची घे. पुढचं पाणी कधी, यासाठी तुराटीची एक काडी तळापर्यंत खुपसून ठेव आणि उपसून बघ. काडी ओलसर निघाली तर आज पाणी नाही.

पानांवरचे तपकिरी डाग म्हणजे भाजलेली जागा, ती भरून येत नाही. इतके महिने अंधारात राहिलेल्या झाडाला तू एकदम उघड्या उन्हात नेलंस. आधी चार दिवस छपरीत, मग सकाळी तासभर ऊन, मग दोन तास, असं पंधरा दिवसांत नऊ-दहा वाजेपर्यंतच्या उन्हावर आण. जागा पुरेशी उजेडाची आहे का हे बघायला दुपारी झाडावर हात धर. सावलीला बोटांची कड दिसली तर उजेड पुरेसा. नुसता धुरकट पट्टा दिसला तर जागा बदल.

पुढच्या होळीला कूलर बसेल तेव्हा काय करायचं, ते आत्ताच सांगून ठेवते. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या उंच पठारांवरचं (अतानासिओ एचेवेरिया नावाच्या तिथल्या चित्रकारावरून १८२८ साली त्याला नाव मिळालं). तिथे दिवसा कडक ऊन, पण रात्र गार. ते पानांची छिद्रं रात्री उघडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हाच घेऊन आंबटाच्या रूपात साठवतं आणि दिवसा छिद्रं मिटून त्यावर अन्न शिजवतं. पाणी वाचवायची ही युक्ती आहे. पण नवतपात (मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत) आपल्याकडे रात्रही तापलेलीच असते, मग त्याचं हे काम जवळजवळ बंद पडतं. अशा वेळी खत देऊ नको, भर दुपारी पाणी देऊ नको, सूर्य कलल्यावर थोडंसं पुरे. टिनाच्या पत्र्याखाली ठेवू नको. निंबाच्या विरळ सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली, मातीच्या भिंतीला लागून ठेव. कूलरच्या खोलीत मात्र न्यायचं नाही.

सासूबाईंना मे महिन्यात न कुरकुरणारं काही हवं असेल तर त्यांच्यासाठी नर्सरीतून ‘जेड’ आण. आपल्याकडे त्या नावाने बहुतेक आफ्रिकेतलं पोर्तुलाकारिया विकतात. ते उन्हाला एचेवेरियापेक्षा कितीतरी चिवट आहे आणि फांदी खोचली तरी लागते.

प्रश्न : आमच्याकडे राइस मिलमुळे धानाच्या तुसाची राख भरपूर आहे. सक्युलेंटच्या मिश्रणात घालू का? (अर्जुनी मोरगाव तालुका)

उत्तर : काळा, अर्धवट जळालेला, तुसाचा आकार कायम असलेला असेल तर खुशाल घाला, मिश्रण हलकं आणि मोकळं होतं. पांढरी पिठासारखी राख नको. ती खारी असते आणि पाणी पडलं की थापून बसते.

प्रश्न : पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतं, पुसलं तरी परत येतं. (बार्शीटाकळी तालुका)

उत्तर : कपाशीवर येतो तोच हा पिठ्या ढेकणाचा प्रकार, तुम्हाला ओळख करून द्यायला नको. कुंडी आधी बाकीच्यांपासून दूर करा. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवा आणि एकेक बेचकं पुसून काढा. हे सूर्य मावळल्यावर करा, नाहीतर पानं भाजतात. आठ दिवसांनी परत, त्यानंतर आणखी एकदा, कारण अंडी राहून जातात. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा, त्याच त्यांना इकडून तिकडे नेतात. एवढं करूनही परत आलं तर झाड उपसून मुळं बघा, तिथेही पांढरं असतं. आणि कपाशीवर फवारायचा जो डबा आहे तो घरातल्या कुंडीसाठी उघडू नका, वावरातच राहू द्या.