दुरंगी आयव्हीचे नखरे

या महिन्यात आयव्हीवरच (ती भिंतीवर चढणारी, कुंडीतून लोंबणारी वेल) तीन पत्रं आलीयत, त्यामुळे गुलाब-जास्वंदवाल्यांनी जरा धीर धरा.

ताई, दिवाळीत नर्सरीतून पांढऱ्या कडांची आयव्ही आणली, इतकी गोड दिसत होती की हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली. आता नवीन पानं सगळी हिरवीच येतायत. नर्सरीवाल्याने फसवलं का? – एक वाचक, पुणे

नाही हो, त्याला कशाला बोल लावता! पानाचा जो पांढरा भाग असतो ना त्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, म्हणजे तो नुसता बसून खाणारा, घर चालवतो हिरवा भाग. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात मुळात उजेड कमी, मग वेल काय करणार, कमावणारी माणसं वाढवणार. कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत न्या, सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन चालतं, पण एकदम नको, आठवडाभर आधी नुसत्या उजेडात ठेवा नाहीतर पानं करपतील. हिरवी झालेली पानं परत पांढरी होणार नाहीत, नवीन येतील ती बघा.

आणि एक तपासा. सगळ्या वेलीला थोडं थोडं हिरवं आलंय की एकच फांदी पूर्ण हिरवी फुटलीय? एकच असेल तर उजेडाचा प्रश्न नाही, ती मूळ हिरव्या जातीकडे परत चाललीय, दुरंगी आयव्हीची ही जुनी खोड आहे. ती फांदी जिथून फुटलीय तिथूनच कापायची, अर्ध्यावर नाही. जिवावर येतं, माहितीये मला. माझ्या ग्लेशियरची (करड्या-हिरव्या पानांची, दुधी कडांची आयव्हीची जात) अशी एक फांदी मी दया येऊन ठेवली होती, पावसाळा संपेपर्यंत अर्धी कुंडी तिनेच खाल्ली, कारण ती वाढते दुप्पट जोमाने आणि बाकीच्यांना मागे टाकते. उलट एखादी फांदी पूर्ण पांढरी आली तर दिसायला झकास, पण तिची कटिंग लावू नका, स्वतःच्या जिवावर ती जगत नाही.

मार्चपासून पानं भुरकट पडलीयत, मागून बारीक जाळी दिसते. पाणी रोज दोनदा घालते तरी सुकतेय. – एक वाचक, ठाणे

तरी नाही, दोनदा घालताय म्हणूनही असेल! पण आधी जाळीचं बघू. पांढरा कागद घ्या, पान त्याच्यावर धरून टिचकी मारा. तिखटाच्या कणासारखे ठिपके पडले आणि पडल्यावर चालायला लागले तर तो लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, कोरड्या गरम हवेत आयव्हीवर हमखास येतो. कुंडी बाथरूममध्ये न्या, पानं खालून वरून हँडशॉवरने खसाखसा धुवा, खालची बाजू महत्त्वाची, तो तिथेच बसतो. मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा, कारण एका फवाऱ्याने अंडी जात नाहीत. शेजारच्या कुंड्याही बघून घ्या.

पाण्याचं म्हणाल तर बोट पेराएवढं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. मुळं कुजली तरी वेल सुकल्यासारखीच दिसते, मग आपण अजून पाणी ओततो आणि तिचं काम तमाम करतो. मातीत कोकोपीट, गांडूळखत आणि जाड वाळू असू दे, आणि खालची ताटली भरलेली ठेवू नका.

नागपूर-अकोल्याकडच्यांना स्पष्टच सांगते, 45 अंशात बाहेर आयव्ही ठेवणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. पट्ट्यापट्ट्याचा मनीप्लांट घ्या, तितकाच देखणा आणि रुसत नाही. महाबळेश्वरकडे मात्र हौस करा.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, मागे विटांची जुनी भिंत आहे, तिच्यावर रंगीत आयव्ही सोडायचीय. शेजारचे म्हणतात भिंत खराब होईल. कुठली लावू? घरात मांजर आहे. – एक वाचक, लंडनजवळ

तुमची मजा आहे बाई, तिकडची हवा तिला माहेरची. आयव्ही खोडावरच्या बारीक मुळांनी भिंतीला चिकटते, भिंत धड असेल तर काही होत नाही, पण विटांमधला चुना भुसभुशीत झाला असेल तर तीच मुळं आत शिरतात. किल्लीने दरज खरवडून बघा, भुगा पडला तर आधी दरजा भरून घ्या. छपराची पन्हळ आणि कौलांच्या जरा खालीच दरवर्षी छाटायची, पण वसंतात आधी पक्ष्यांचं घरटं नाही ना ते बघा, तिकडे वापरातलं घरटं मोडणं कायद्याने गुन्हा आहे.

मोठी भिंत असेल तर सल्फर हार्ट, तळहाताएवढी पानं, मधोमध पिवळा शिडकावा. लहान असेल तर गोल्डहार्ट, पहिलं वर्ष काहीच करत नाही, उपटू नका. ग्लुआर द मारेंगो दिसते राजेशाही पण कडाक्याच्या थंडीत तिची पानं काळवंडतात, तिला आडोसा द्या.

मांजराने पानं चावली तर उलट्या-जुलाब होऊ शकतात, त्यामुळे लोंबणारी कुंडी तिच्या उडीच्या वर. तुम्हीपण छाटताना हातमोजे आणि लांब बाह्या घाला, चिकाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, मला उठतं, दोन दिवस भाकरी थापता येत नाही.